पावलं सोडून सगळं

हां हां हां, हात मागे! त्या बटणावरचं बोट उचला आधी — अलगद — हां, अस्सं. घाबरवलंत हो मला. नाही, शॉकबिक काही बसत नाही, पण ते बटण दाबलं असतंत ना, तर आमचं वादळ गेलं असतं. वादळ, कुत्रं, घड्याळाचे टोले, पहिल्या अंकात फुटते ती कपबशी — सगळं एका टिचकीसरशी! डिस्क मेलीय म्हणून तुम्हाला बोलावलं, कबूल. पण डिस्क मेली म्हणजे मशीन मेलं असं थोडंच आहे? बसा. त्या स्टुलावर बसा, फक्त डावीकडे कलू नका, त्याचा एक पाय आखूड आहे. आणि तुमच्या बॅगेत मोकळी डिस्क असेल ना? ती बाजूनं जोडा आणि आधी आवाज काढून घ्या. पहिला अंक, दुसरा अंक, अशी फोल्डरं दिसतील. तेवढी दोनच काढा. तिसऱ्याचं राहू द्या, तिथे काही नाही. दोन काढली की मग तुमचं बटण, तुमचा स्क्रू-ड्रायव्हर आणि तुम्ही.

कधी मेली? काल दुपारी, तालमीत. — मग संध्याकाळचा प्रयोग कसा झाला? झाला की! दणक्यात झाला. बघा, तुमच्यासारख्या माणसालाही प्रश्न पडला, मग आमच्या घरच्यांचं काय झालं असेल? घरच्यांचं म्हणजे — ही नाटक कंपनी म्हणजे आमचं घरच आहे हो. आमचे हे दिग्दर्शक, धाकटे दीर नायक, माझी जाऊ नायिका, आणि मी इथे वर, ह्या आवाजाच्या खुराड्यात. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे ना मी, म्हणून हे यंत्र माझ्या गळ्यात. ज्याला पोहता येतं त्यानंच बुडणाऱ्याला काढायचं, तसं. दिरांना सगळे 'राजे' म्हणतात. तरुणपणी एकदा राजाची भूमिका केली, मुकुट त्याच रात्री परत दिला, पण बाकीचं काही अजून उतरलेलं नाही. पाणी मागतानाही फर्मान सोडतात. वाईट नाहीत हं, मनानं लोणी आहेत — पण लोणी असं की आधी ढाल, मग तलवार, मग चिलखत, आणि त्याच्या आत कुठेतरी लोणी.

तर काल दुपारी तालीम. नाटक जुनंच, मधे दोन वर्षं बंद होतं, आता परत उभं केलं, आणि काल संध्याकाळी त्याचा पहिला प्रयोग. तीन अंकी आहे. म्हातारा-म्हातारी, त्यांचा मुलगा घर सोडून गेलेला. पहिल्या अंकात म्हातारा कपबशी फोडतो, दुसऱ्यात वादळ होतं आणि त्या वादळात उभं राहून म्हातारा मोठ्ठं भाषण करतो — म्हणजे आमचे राजे करतात — आणि तिसऱ्यात सगळं शांत. तिसऱ्यात आवाज एकच. जिन्यावर पावलं वाजतात. म्हातारी दाराकडे बघते आणि म्हणते, "दार उघडंच आहे." पडदा. मुलगा दिसत नाही, काही नाही, नुसती पावलं. ह्यांची कल्पना. आमचे हे दिवसभरात चार वाक्यं बोलतात, पण नाटक बसवलं की समोरचा जागचा उठत नाही.

आता तालमीचा आमच्याकडचा रिवाज ऐका. पहिला अंक होतो. मग दुसरा होतो. मग राजे म्हणतात, "वादळाचा प्रवेश परत." मग परत. मग "वहिनी, वीज जरा उशिरा कडाडली, परत." मग "आता माझा हात चुकला, परत." काल तर इतक्या वेळा झाला की खाली बसलेल्या झाडूवालीला भाषण पाठ झालं, ती ओठ हलवत होती. आणि तोवर सगळे इतके पकतात की आमचे हे हात जोडून म्हणतात, "तिसरा अंक येतो आपल्याला, उठा." आणि जाऊबाईही लगेच म्हणतात, "हो, मला येतो." म्हणजे राजेंनी सगळा वेळ खाल्ला हे तर आहेच — पण तेवढंच नाही ते. ते मग सांगते.

तर असंच कितव्यांदा तरी वादळ लावलं, राजे हात वर करून उभे, आणि ह्या डब्यातून आवाज आला — कट, कट, कट, कर्रर्र, आणि गप्प. मॉनिटरवर लाल अक्षरं. मला शिकवलेलं सगळं आठवतं हो, मला कळलं, डिस्क गेली. पण गंमत बघा — वादळ थांबलं नाही! वारा सुटलेला, वीज कडाडतेय, खिडकी आपटतेय, राजे गर्जताहेत, सगळं यथास्थित. जिथे आवाज ठेवले होते ती जागाच गेली आणि आवाज चालूच! आणि मग डोक्यात टकटक झालं.

तुम्ही ह्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं — तरी सांगते, कारण काल खाली सगळ्यांना सांगताना माझा घसा बसला आणि एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. आमची सामानाची खोली तळघरात आहे. पहिल्या अंकाला कंदील लागला की सामानवाला तळघरात उतरतो, शोधतो, धापा टाकत वर आणतो. प्रवेश झाला की तो काय लगेच कंदील परत खाली नेऊन ठेवतो? वेडा आहे का? विंगेतल्या टेबलावर ठेवतो. म्हणतो, पुन्हा लागेल. दुसऱ्यांदा कुणी हाक मारली की हात लांबवला, दिला. मशीनही तेच करतं. डिस्कवरून एकदा काही वाचलं की ते मेमरीत ठेवून देतं, कुणी सांगावं लागत नाही, विचारत नाही, आपलं आपण. पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जातच नाही. टेबल भरलं तरच नव्याला जागा करायला जुनं काढतं, आणि काढताना पहिला नंबर कुणाचा? ज्याला बराच वेळ कुणी विचारलं नाही त्याचा. आता काल झालं काय, तळघराला आग लागली म्हणा — पण सकाळपासून जे जे मागवलं ते सगळं टेबलावर! वादळ तर राजेंच्या कृपेनं इतक्या वेळा मागवलेलं, की ते टेबलावर नाही, टेबलाच्या मधोमध पाट मांडून बसलेलं.

पण टेबल टिकणार कुठवर? वीज आहे तोवर. मशीन बंद केलं की टेबल रिकामं. आणि जगात सगळ्यांना कॉम्प्युटरवरचं एकच औषध माहीत! खालून ह्यांचा आवाज, "बंद करून चालू कर." मी ओरडले, "अजिबात नाही!" तोवर राजे स्वतः वर आलेले, त्या जिन्यावरून, म्हाताऱ्याच्या मिशा लावलेल्या, आणि थेट बटणाकडे हात. काय करू? चापटच मारली हो हातावर. इतक्या वर्षांत दिरावर पहिल्यांदा हात उचलला. राजे हात चोळत म्हणाले, "वहिनी, तोंडानं सांगितलं असतंत तरी चाललं असतं." ह्याच राजेंनी, बरं का, गेल्या महिन्यात इथे येऊन मेमरीचा आकडा बघितला होता. "वहिनी, मशीन गच्च भरलंय, श्वास घेता येत नाही त्याला, मोकळं करा." कुठून तरी सफाईचा प्रोग्रॅमही आणला होता टाकायला. मी म्हटलं, राजे, रिकामं टेबल काय चाटायचंय? मोकळी पडलेली मेमरी म्हणजे फुकट गेलेली मेमरी. भरलेली असू दे. कुणाला खरंच जागा लागली तर ते आपणहून सरकेल. पटलं नाही. राजेंना भरलेलं फक्त प्रेक्षागृह आवडतं.

मग मी एकेक आवाज तपासला. कपबशी फुटली. टोले पडले. कुत्रं भुंकलं — खालचा रखवालदार बाहेर धावला, तो रोजच धावतो. वादळाचे सगळे तुकडे ठणठणीत. आणि मग तिसरा अंक. तालमीत झालाच नव्हता ना? कुणी मागितलंच नव्हतं. म्हणजे त्यातलं जे होतं ते तळघरातच. मी खाली गेले आणि सांगितलं, सगळं आहे — पावलं नाहीत.

एवढं म्हणायचा अवकाश, जाऊबाई मटकन खाली बसल्या. स्टेजवरच. आणि राजे एकदम टाय-बिय सैल करायला लागले, भूमिकेत टाय नाहीये तरी. आमचे हे भिंतीकडे बघत उभे. झाडूवाली म्हणाली, "पावलंच ना, मी चालते की!" तर ह्यांनी तिला हातानंच थांबवलं बिचारीला.

कारण — आता काढलाच आहे विषय तर सांगते. ती पावलं बारक्याची. बारक्या म्हणजे माझा पुतण्या, राजेंचा मुलगा. सहा फूट झालाय, पण नाव पडलं ते पडलं. ह्या खुराड्यात मी नंतर आले, आधी हे त्याचं राज्य. इथलं प्रत्येक वादळ, प्रत्येक टोला त्यानं पकडून आणलेला. कपबशी तर माझ्या कपाटातली फोडली, जोडीतली, न विचारता. आणि पावलं त्यानं इथेच, स्टेजमागच्या लाकडी जिन्यावर, स्वतःचेच बूट घालून रेकॉर्ड केली. तेव्हा त्याला काय माहीत, आपण कशाची तालीम करतोय.

भांडण कशावरून झालं सांगू? हसाल. वादळाच्या आवाजावरून. बारक्याचं म्हणणं, वादळात माणसाचं बोलणं बुडायलाच पाहिजे, तेच तर दुःख आहे त्या म्हाताऱ्याचं, की तो ओरडतो आणि कुणाला ऐकू येत नाही. राजेंचं म्हणणं, एवढं भाषण पाठ केलं ते काय बुडवायला? दोघांचंही बरोबर, तिथेच तर गोची. एका प्रयोगाला बारक्यानं वादळ दिलं सोडून, फुल्ल. राजेंचं एक अक्षर ऐकू गेलं नाही, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! टाळ्या वाजल्या नसत्या तर एखादवेळी मिटलं असतं हो. मेकअप उतरायच्या आत राजे म्हणाले, "माझा आवाज दाबणारा माणूस मला घरात नको." आणि तो म्हणाला, "बरं." बास. एवढ्याशा 'बरं'वर पोरगं गेलं. नाटक बंद. राजे बोलावणार नाहीत, तो येणार नाही, आणि माझी जाऊ दोघांच्या मधे, पोळपाट-लाटण्यातल्या कणकेसारखी. हे नाटक परत करायचं ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "वहिनी, तालमीत तो आवाज लावू नका. रिकाम्या हॉलमध्ये नाही ऐकवत मला. प्रयोगात ऐकेन. एकदाच ऐकेन, पुरे." म्हणून तिसरा अंक होत नव्हता. राजे वेळ खायचे ते निमित्त. आणि मला वाटतं ना — मला आपलं वाटतं हं — ते वेळ खायचे तेही त्याचसाठी.

— होतंय का कॉपी? सावकाश होऊ दे. पंखा लावू?

तर आता काय करायचं? दोन-अडीच तासांवर प्रयोग. मूळ रेकॉर्डिंग असलंच तर बारक्याकडे. मी म्हटलं, विचारू का त्याला? कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या घरात ह्याला परवानगी म्हणतात. मी वर आले आणि फोन लावला. नंबर? होता माझ्याकडे. — तो कुठे काम करतो तेही माहीत होतं, नदीपलीकडे, कानाच्या यंत्रांचं दुकान आहे, लोकांचे कान तपासतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ऐकायला लावतो. मी म्हटलंही त्याला एकदा, अरे, सुरुवात घरापासून करायची होतीस. — एकदा म्हणजे — आता जाते मी अधूनमधून. कान तपासायला. माझे कान ठणठणीत आहेत, ते त्यालाही माहीत आहे, तरी दर वेळी ते हेडफोन लावतो, "काकू, आवाज आला की बोट वर करा" म्हणतो, आणि मी बोट वर करून बसते. त्याच्या खोलीवर एक पडदाही मीच शिवून — जाऊ दे. हे खाली बोलायचं नाही हं. माझ्या जाऊला ठाऊक नाही. म्हणजे तिनं कधी विचारलेलं नाही. फक्त मी नदीपलीकडे निघाले की ती एक डबा हातात देते, "तिकडे कुणाला लागला तर," म्हणते. मी म्हणते, "बरं, बघते कुणाला लागतोय का." डबा रिकामा येतो.

तर फोन लावला. "काकू?" म्हणाला. मी जरा वेळ काही बोललेच नाही. रेंजचा प्रॉब्लेम. मग म्हटलं, "बारक्या, तुझी पावलं गेली रे. डिस्क मेली." त्यानं पहिलं काय विचारलं? "मशीन बंद नाही ना केलंत?" लाख रुपयांचं पोरगं! म्हटलं, नाही. म्हणाला, "कुणाला काही उघडू देऊ नका, नाहीतर वादळ बाहेर ढकललं जाईल." आणि मग म्हणाला, "काकू, पण माझ्याकडे नाहीये ती फाइल. सगळं तिथेच ठेवून आलो होतो." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय?" मी म्हटलं, "पाय कुठे ठेवलेस? तेही इथेच?" दुकानात मागे कुणीतरी म्हातारं "अजून ऐकू येत नाही, अजून ऐकू येत नाही" करत होतं. मग म्हणाला, "किती वाजता तिसरा अंक?"

खाली सांगितलं, चालायला एक माणूस मिळालाय. कोण ते कुणी विचारलं नाही. मागच्या दारानं आला तेव्हा दुसरा अंक चालू होता, मी इथे वर वादळ सांभाळत होते. हे मला नंतर ह्यांनी सांगितलं — एवढं लांबलचक बोलले की मला वाटलं ताप चढला. तर हे मागच्या दारात उभे होते, त्याला बघितलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाले, "बूट तेच का?" तो म्हणाला, "तेच. तळवे बदललेत." ह्यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला जिन्याच्या तळाशी उभं केलं. आणि वर स्टेजवर बाप गर्जतोय, आणि वादळ चालू आहे, त्याचंच.

तिसरा अंक. मागे एक छोटा दिवा आहे, मी इथून लावला की जिन्यावरच्या माणसानं निघायचं. जाऊबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या. राजे आरामखुर्चीत, दाराकडे पाठ. तशीच बैठक आहे मूळची, म्हातारा वळत नाही, म्हाताऱ्याला वाक्य नाही. मी दिवा लावला.

टप. टप. टप. मी काय सांगू तुम्हाला — रेकॉर्डिंग ते रेकॉर्डिंग. खरं लाकूड, खरं वजन. जाऊबाईंचा चेहरा बदलला हो. आधी नटीचा होता, मग नुसता चेहरा झाला. चपलेवरून, पावलावरून पोर ओळखायला आईला काय वेळ लागतो? आणि तेवढ्यात पावलं थांबली. मधेच. अर्ध्या जिन्यात. मला वाटलं, फळी मोडली. मग वाटलं, नाही, हा परत फिरतोय. मी इथे वर, काचेमागे, माझ्या हाताशी एवढी बटणं आणि एकाचा उपयोग नाही! जाऊबाईंचं तोंड उघडलेलं, वाक्य बाहेर येईना. "दार उघडंच आहे," एवढंच तर म्हणायचंय. येईना. लोक बघताहेत. स्टेजवर एवढी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही, आणि मी ऐकण्याचंच काम करते.

आणि राजे वळले. ज्यांनी वळायचं नाही ते. खुर्चीत अर्धे वळले, दाराकडे नाही बघितलं, खाली जमिनीकडे बघितलं, आणि म्हणाले — गर्जले नाहीत हो, इतक्या हळू म्हणाले की मला इथे वर जेमतेम आलं — "थांबलास का? ये की वर."

नाटकात नाही हे वाक्य. कुठल्याच अंकात नाही.

मग पावलं आली. टप-टप नाही, दोन-दोन पायऱ्या एकदम, धडाधडा, लहानपणी यायचा तशी. आणि ज्यानं प्रेक्षकांना दिसायचंच नाही तो दारात येऊन उभा! कानाच्या दुकानाचा गणवेश, खिशावर बिल्ला, हातात हेल्मेट. जाऊबाई वाक्यबिक्य विसरल्या, सरळ जाऊन त्याच्या शर्टाला धरलं दोन्ही हातांनी. पडदा पाडायचा तर पडदा ओढणारे आमचे हे — ते तिथे डोळे पुसत उभे, दोरी हातात तशीच. लोकांना वाटलं, असंच आहे. टाळ्या थांबेनात. एक बाई बाहेर पडताना म्हणाली म्हणे, "शेवट छान, पण तो बिल्ला का लावला होता?"

नंतर काय? नंतर काही नाही. मिठ्या मारणारी माणसं नव्हेत आमची. मेकअपच्या खोलीत राजे आरशासमोर बसून मिशा काढत होते, बारक्या मागे उभा. राजे आरशातच बघून म्हणाले, "वादळ हल्ली वहिनी लावतात. चांगलं लावतात." बारक्या म्हणाला, "ऐकलं. फार हळू आहे." मी डोळेच मिटले. म्हटलं, झालं, गेला परत. तर राजेंनी उरलेली मिशी ओढून काढली, "आई गं" म्हणाले, आणि म्हणाले, "मग उद्या तू लाव. पण थोडं तरी ऐकू जाऊ दे रे माझं." आणि माझी जाऊ! नाक ओढत, पदरानं डोळे पुसत काय म्हणाली असेल? "सगळं नाटक ह्यांचं. मला शेवटी एक वाक्य होतं, एक! तेही खाल्लं ह्यांनी."

आत्ता? खाली स्टेजवर बसलेत तिघं, ऐकू येतोय ना आवाज? वादळ किती मोठं ठेवायचं यावर वाद चाललाय सकाळपासून. चालू दे. मी मधे पडत नाही.

झालं का काढून? दाखवा बरं. पहिला अंक — कपबशी, टोले, कुत्रं. हां. दुसरा — वारा, वीज, खिडकी, वारा दोन. छान. आणि हे खाली काय? तिसरा अंक? अहो, मी म्हटलं होतं ना, दोनच काढा, तिथे काही नाही म्हणून? — सवयीनं सगळंच काढलंत. हो, चांगली सवय आहे. — काय? आहे? काय आहे? — "पावलं." — पूर्ण? कुठे तुटलेली नाही म्हणता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हं.

असं बघू नका हो माझ्याकडे. कळतंय मला तुमचा प्रश्न. जे कुणी वाचलं तेवढंच मेमरीत राहतं, आणि तालमीत तर तिसरा अंक झालाच नाही, मग ही फाइल काल वाचली कुणी? — अहो, सकाळी मशीन लावलं की स्पीकर तपासायला काहीतरी वाजवावं लागतं. कुत्रं वाजवलं तर रखवालदार धावतो. वादळ वाजवलं तर राजे धावतात. पावलं बरी. बारीक आवाज, डावीकडून उजवीकडे जातात, दोन्ही बाजू तपासून होतात. कुणी आलेलं नसतं तेव्हा, मी एकटीच असते. तांत्रिक कारण आहे. — बरं, नसेल तांत्रिक. रोज सकाळी एकदा ऐकते. झालं समाधान?

पण खोटं नाही बोलले मी. खाली जाऊन सांगितलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं, गेली. माझी सकाळची गंमत माझ्या लक्षातच नव्हती, तालमीच्या हिशेबानं चालले होते. मग वर आले, फोन लावला, रिंग वाजत होती, आणि दुसरा हात रिकामा, रिकामा हात काय करणार — सहज दाबलं त्या फाइलवर. आणि कानावरच्या हेडफोनमध्ये — टप. टप. टप. चढायला लागला! एका कानात जिना चढतोय, आणि दुसऱ्या कानात म्हणतोय, "काकू?" — आता तुम्हीच सांगा. अशा वेळी "राहू दे रे, सापडली" असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाला असतात? — मग!

अहो अहो, वाजवून काय बघताय! खालचे स्पीकर चालू आहेत, तिघंही तिथेच बसलेत! — पुसा. पुसून टाका ती. — थांबा. नको. पुसू नका. नाव बदला नुसतं. काय बरं द्यावं... 'सूचना' द्या. 'कृपया आधी वाचा, महत्त्वाच्या सूचना.' ह्या कंपनीत आजवर एकानंही सूचना वाचलेली नाही, जन्मभर कुणी हात लावणार नाही. — झालं? बघू. हां, झकास.

चला, आता पटापट तुमची डिस्क बसवा आणि निघा. कामाच्या कागदावर सही राजे करतील, सही मोठी करतात, जागा जास्त सोडा. आणि काय गेलं, काय वाचलं असं कुणी विचारलंच ना खाली — बोलू नका काही. नुसती मान हलवा. ते तुम्हाला छान जमतं.